बुडबुडा दोन घरं डावीकडे

इतवारीत किलोच्या भावानं घेतला.
काट्यावरच्या पोरानं चक वेगळा तोलला,
टेलस्टॉक वेगळा,
बेडखालचे लाकडी ओंडकेही चढवायला निघाला.
मी म्हटलं, बाबू, ते तू ठेव.

पाच माणसं, एक चेनपुली
आणि शेजारच्या निखारेंचा अर्धा दिवस.
स्कूटर उभी राहायची तिथं आता लेथ.
स्कूटर रस्त्यावर. कुंदा दारात.
"लोक भंगार घराबाहेर काढतात जी,"
एवढंच बोलली.

पंधरा दिवस रॉकेल, चिंध्या, तारेचा ब्रश.
हिरव्या रंगाखाली राखाडी, राखाडीखाली काळा.
तळाच्या घट्ट ग्रीसमध्ये एक ॲलन की,
बिडीचं थोटूक,
आणि पितळेची कणी, अजून पिवळी.

बेडवर हात फिरवला की कळतं,
चकाजवळची एक वीत झिजलेली,
पुढचं सगळं जवळपास कोरं.
कोणीतरी इथं उभं राहून
वर्षानुवर्षं आखूड जॉबच केले.
बुश, बुश, बुश.
लांब शाफ्ट त्याच्याकडे कोणी दिलाच नाही.
हँडव्हीलची मूठ एका अंगानं चपटी,
म्हणजे अंगठा असा ठेवत असणार. असा.
पोट टेकतं तिथला रंग गेलेला,
फार खाली. बुटका माणूस,
माझ्याहून चार बोटं तरी.
टेलस्टॉकच्या पोटावर पंचनं ठोकलेलं: ना. बा. ७१.

लेव्हल मागून आणली हुडकेश्वरच्या भोयरकडून.
लाकडी पेटीत, मखमलीवर निजलेली,
एक घर म्हणजे मीटरमागे दोन शतांश.
मे महिन्यात दिवसा हे काम होत नाही.
ऊन टिनातून बेडची एकच बाजू तापवतं
आणि लोखंड सकाळचा शब्द दुपारी फिरवतं.
म्हणून पहाटे चारला.
कुलर बंद, तो थरथरतो.
मुलगी उशी घेऊन, पाय आपटत गच्चीवर.

मी गुडघ्यांवर.
शिम कसल्या, कोल्ड्रिंकच्या डब्याचे कापलेले तुकडे.
बोल्ट पाव फेरा. थांब.
अजून नखभर. थांब.
बुडबुडा निघतो, घुटमळतो,
मधोमध बसतो.

आणि सरकतो.
दोन घरं डावीकडे, कोणी हात न लावता.
बोल्ट पाहिले. शिम पाहिल्या.
स्वतःवर संशय घेतला:
ऑर्डनन्समध्ये एकतीस वर्षं,
त्यातली शेवटची नऊ नुसती बटणं दाबण्यात.
मागं वळलो, तर उजव्या कोपऱ्यातल्या फरशीवर
कुंदा, हातात चहा.
"मागं हो."
बुडबुडा मधे.
"पुढं ये."
डावीकडे.
"मागं."
"चहा घेता, का मले नाचवता?"

वाकून पाहायला लावलं तिला.
तिनं चहा खाली ठेवला,
एक पाय पुढं टाकला, उचलला, पुन्हा टाकला.
"एवढ्यानं?"
"एवढ्यानं."
बराच वेळ ती त्या काचेकडं पाहत राहिली.
"या घरात माझ्या चालण्यानं काई हलते
हे आज पह्यल्यांदा दिसलं बाप्पा."
मी काही बोललो नाही.
चहावर साय धरली होती.

मग दोन कॉलर कापून पाहिल्या.
पहिल्यांदा तीन शतांशाचा फरक,
आठवड्यानं एक.
त्या एकाच्या मागं मी आणखी चार पहाटा घालवल्या
आणि सोडून दिला.
झिजलेली वीत तशीच आहे.
घासून घ्यायला पुण्याला न्यावा लागेल,
तेवढ्यात नवी स्कूटर येईल.

काल कुलरच्या पंख्याचं बुश गेलं.
कुंदानं पंखाच आणून ठेवला समोर,
मुकाट्यानं.
आखूड जॉब.
कॅरेज चकाजवळ गेलं, तिथं किंचित सैल होतं,
सवयीच्या खाटेवर बसल्यासारखं.
मी अंगठा मुठीच्या चपट्या बाजूवर ठेवला.
पितळ पिवळं सांडू लागलं.

मला तिथं चार बोटं वाकावं लागतं.